धूर, धमन्या आणि तुरट चव

१९९३ साली वैद्यकाच्या दोन नामांकित नियतकालिकांत दोन महिन्यांच्या अंतराने दोन शोधनिबंध छापून आले. त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ऑक्टोबरमध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेला निबंध नेदरलँड्समधल्या झुटफेन या गावाचा होता. तिथल्या ६५ ते ८४ वर्षं वयाच्या ८०५ पुरुषांचं खाणंपिणं १९८५ मध्ये नोंदवून घेतलं होतं आणि पुढची पाच वर्षं त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवलं होतं. या मंडळींच्या पोटात फ्लॅव्होनॉइड नावाची वनस्पतिजन्य द्रव्यं जात होती ती मुख्यतः चहा, कांदा आणि सफरचंदातून. ज्यांच्या आहारात ही द्रव्यं सर्वांत जास्त होती, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू होण्याचं प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी भरलं.

डिसेंबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा ‘सहा शहरांचा अभ्यास’ आला. अमेरिकेतल्या सहा शहरांमधली ८,१११ माणसं आणि चौदा ते सोळा वर्षांचा पाठपुरावा. ओहायोमधलं स्टुबेनव्हिल हे पोलादाच्या कारखान्यांचं शहर सर्वांत धुरकट, तर विस्कॉन्सिनमधलं पोर्टेज सर्वांत स्वच्छ हवेच्या गावांपैकी. वय, धूम्रपान, वजन, शिक्षण हे सगळं हिशेबात धरूनही स्टुबेनव्हिलमधला मृत्युदर पोर्टेजपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला. धूर फुप्फुसं बिघडवतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पुढे याच विषयातले संशोधक आर्डेन पोप यांनी लाखो अमेरिकनांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा २००४ मध्ये स्पष्ट झालं की दूषित हवेचा संबंध श्वसनविकारांच्या मृत्यूंपेक्षा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंशी अधिक घट्ट आहे. श्वासावाटे आत जाणारा धूर खरा घाव घालतो तो रक्तवाहिन्यांवर.

एक निबंध ताटाविषयी, दुसरा हवेविषयी. पण दोघांचा रोख शरीरातल्या एकाच ठिकाणावर होता: धमनीच्या आतल्या बाजूला असलेल्या, जेमतेम एका पेशीइतक्या जाडीच्या अस्तरावर.

या अस्तराचं महत्त्व कळायलाही १९८० साल उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते. ॲसिटिलकोलीन हे द्रव्य जिवंत प्राण्याला दिलं की रक्तवाहिन्या सैलावतात, मात्र प्रयोगशाळेतल्या पट्टीवर टाकलं की ती आखडते, हे कोडं त्यांना वर्षानुवर्षं सुटत नव्हतं. शेवटी उलगडा झाला तो पट्टी कापण्याच्या पद्धतीतून. कापताना आतली बाजू घासली गेली की अस्तर खरवडून निघायचं आणि पट्टी आखडायची. अस्तर शाबूत राहिलं की तीच पट्टी सैलावायची. म्हणजे धमनीला ‘सैल हो’ असं सांगणारा निरोप हे अस्तर देत होतं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे त्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालं आणि १९९८ मध्ये फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं.

हा वायू काही सेकंदच टिकतो. तेवढ्यात तो धमनीच्या स्नायूला सैल करतो, रक्तातल्या चपट्या बिंबाणूंना एकमेकांना चिकटू देत नाही आणि पांढऱ्या पेशींना भिंतीत शिरण्यापासून रोखतो. अस्तराची तब्येत कशी आहे हे बाहेरून तपासताही येतं. कोपराच्या खाली रक्तदाबाचा पट्टा करकचून बांधतात, पाच मिनिटं रक्त अडवतात आणि एकदम सोडतात. रक्ताचा लोंढा हातात धावतो. त्या वेळी कोपराच्या वरच्या धमनीचा व्यास सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहिला, तर निरोगी तरुणात ती पाच ते दहा टक्क्यांनी रुंदावलेली दिसते. अस्तर थकलेलं असेल तर धमनी जवळपास हलतच नाही. पुढे दहा-वीस वर्षांनी येणाऱ्या हृदयविकाराची ही अगदी पहिली चाहूल असते.

आता धुराकडे वळू. स्कॉटलंडच्या एडिनबरा विद्यापीठातले आणि स्वीडनच्या उमियो इथले संशोधक गेली वीस-पंचवीस वर्षं निरोगी स्वयंसेवकांना एका बंद खोलीत बसवून, त्यांच्या संमतीने, डिझेल इंजिनाचा पातळ केलेला धूर देतात. २००५ मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात ३० निरोगी पुरुष होते. दर घनमीटर हवेत ३०० मायक्रोग्रॅम कण, एकच तास, मधूनमधून सायकलचे पेडल मारणं. दिल्लीकरांना हिवाळ्यात कणांचा इतका भार नवा नाही. त्या एका तासानंतर या तरुणांच्या हातातल्या धमन्यांचं सैलावणं कमी झालं, आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं जे द्रव्य अस्तर सोडतं तेही कमी सुटू लागलं. परिणाम सहा तासांनीही टिकून होता. २००७ मध्ये हाच प्रयोग पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २० पुरुषांवर झाला. धुरात व्यायाम करताना त्यांच्या हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असल्याची खूण ईसीजीवर स्वच्छ हवेपेक्षा ठळक दिसली. त्यांना छातीत काहीही दुखलं नव्हतं.

कण फुप्फुसातून खरोखर रक्तात जातात का, हा प्रश्न बराच काळ अडून होता. धुरातला कण म्हणजे कार्बन, आणि शरीरही कार्बनचंच बनलेलं. मग आत शिरलेला कण ओळखायचा कसा? संशोधक मार्क मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याला उत्तर दिलं ते सोन्याने. सोनं शरीरात काही उपद्रव करत नाही आणि अत्यल्प प्रमाणातही सापडतं. १४ निरोगी स्वयंसेवकांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण असलेली हवा श्वासावाटे घेतली. चोवीस तासांच्या आत बहुतेकांच्या रक्तात सोनं सापडलं आणि तीन महिन्यांनीही ते रक्तात व लघवीत आढळत होतं. कण जितका लहान तितका तो सहज पार झाला. मानेतल्या धमनीची शस्त्रक्रिया व्हायची होती अशा काही रुग्णांनाही हे कण दिले होते. शस्त्रक्रियेत काढलेल्या चरबीच्या थरात सोनं मिळालं. कण रक्तात शिरतात, आणि नेमके तिथेच जमतात जिथे धमनी आधीच आजारी आहे. या विषयातला याहून अस्वस्थ करणारा प्रयोग मला ठाऊक नाही.

कण स्वतः पोचले नाहीत तरी त्यांचा उपद्रव पोचतो. फुप्फुसात सूज येते, तिथली सूजजनक द्रव्यं रक्तात उतरतात, यकृत गुठळीला मदत करणारी प्रथिनं जास्त बनवू लागतं. मज्जातंतूंमार्फत रक्तदाब काही मिनिटांत चढतो. या सगळ्या वाटा शेवटी अस्तराच्या पेशींत सुपरऑक्साइड नावाचं उग्र मूलक वाढवतात. ते नायट्रिक ऑक्साइडला भिडतं आणि त्या भेटीतून पेरॉक्सिनायट्राइट हे आणखी जहाल द्रव्य तयार होतं. धमनीला सैलावणारा निरोप वाटेतच मारला जातो. एवढ्यावर थांबत नाही. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं अस्तरातलं विकरच बिघडतं आणि स्वतः सुपरऑक्साइड बनवायला लागतं.

हे फक्त महानगरांचं दुखणं आहे असं मानू नये. हैदराबादजवळच्या गावांत तीन हजारांहून अधिक लोकांच्या मानेतल्या धमन्यांची जाडी मोजली गेली. हवेतले सूक्ष्म कण जिथे जास्त, तिथे धमनीची भिंत जाड निघाली. आणि धूर बाहेर जायला वाट नसलेल्या स्वयंपाकघरात लाकूडफाटा जाळणाऱ्या बायकांमध्ये ही जाडी विशेष वाढलेली होती. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना दम्याबरोबर रक्तदाबही का असायचा, याचं एक उत्तर इथे असावं.

झुटफेनच्या म्हाताऱ्यांच्या कांद्यात आणि चहात जे होतं, ते या सगळ्यात कुठे बसतं?

पॉलिफेनॉल हे त्या मोठ्या कुळाचं नाव. आजवर आठ हजारांहून अधिक पॉलिफेनॉल ओळखले गेले आहेत आणि फ्लॅव्होनॉइड ही त्यांतली सर्वांत मोठी शाखा. वनस्पतीला पळून जाता येत नाही. ऊन, कीड, बुरशी, दुष्काळ, सगळं उभ्या जागी सोसायचं. त्या सोसण्यासाठी ती ही द्रव्यं बनवते आणि साठवते ती बहुतेक सालीत, टरफलात, बियांवरच्या पापुद्र्यात, म्हणजे जिथे हल्ला आधी होणार तिथे. ती जिभेलाही ओळखता येतात. जांभूळ चावल्यावर, कच्चा आवळा फोडल्यावर किंवा कोरा कडक चहा घेतल्यावर तोंडाला जी कोरड पडते, ती पॉलिफेनॉल लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात म्हणून. आयुर्वेदाने तुरट हा सहा रसांपैकी एक मानला तो जिभेच्या या अनुभवावरूनच.

व्हिटॅमिन सी शोधणारे हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९३६ मध्ये लिंबाच्या सालीतून आणि मिरचीतून फ्लॅव्होनॉइडांचं मिश्रण वेगळं केलं होतं. त्याने केशवाहिन्यांचं पाझरणं कमी होतं असं दिसल्यावर त्यांनी त्याला ‘व्हिटॅमिन पी’ म्हटलं. पण ते खाल्लं नाही म्हणून कोणाला ठरावीक रोग होत नाही, तेव्हा ते जीवनसत्त्व नव्हे, असं ठरून पुढे ते नाव मागे पडलं. रक्तवाहिन्यांशी या द्रव्यांचा काहीतरी संबंध आहे हा सेंट-ज्यॉर्जींचा अंदाज मात्र चुकीचा नव्हता.

पॉलिफेनॉल काम कसं करतात याविषयी बाजारात जे सांगितलं जातं, ते बरंचसं जुनं झालं आहे. ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणजे उग्र मूलकांना पकडून गप्प करणारं द्रव्य. जितकं जास्त खाऊ तितकी जास्त मूलकं मरतील, असं ते गणित. परीक्षानळीत हे खरं आहे. शरीरात नाही. खाल्लेल्या पॉलिफेनॉलचा फार थोडा भाग रक्तात येतो, यकृत त्याला लगेच दुसऱ्या रूपात बदलतं आणि काही तासांत तो निघून जातो. रक्तातल्या मूलकांशी समोरासमोर लढायला ते प्रमाण पुरतच नाही.

त्यांचं काम वेगळ्या रीतीने चालतं. पेशीला ही द्रव्यं किंचित त्रासदायक वाटतात. तो त्रास ओळखून पेशीतलं ‘एनआरएफ-२’ नावाचं प्रथिन केंद्रकात जातं आणि पेशीची स्वतःची संरक्षक विकरं बनवणारी जनुकं चालू करतं. तालमीत रोज थोडं अंग मोडून घेतलेल्या पोराला पुढे जड काम झेपतं, तसाच हा प्रकार आहे. दुसरीकडे, चहा-कोकोमधलं एपिकॅटेचिन आणि कांद्यातलं क्वेर्सेटिन ही द्रव्यं नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला चालना देतात आणि सुपरऑक्साइड बनवणाऱ्या विकराला आवर घालतात. म्हणजे धूर ज्या दोन जागी घाव घालतो, नेमक्या त्याच दोन जागी.

यात आतड्यातल्या जिवाणूंचाही मोठा हात असतो. डाळिंबातले मोठे रेणू आपल्याला पचत नाहीत. जिवाणू ते तोडून युरोलिथिन नावाची छोटी द्रव्यं बनवतात आणि तीच रक्तात जातात. प्रत्येकाच्या पोटात ते करू शकणारे जिवाणू नसतात. त्यामुळे एकच डाळिंब दोन भावांना सारखं लागू पडेल असं नाही.

कागदावर हे सगळं छान जुळतं. माणसात धुराविरुद्ध याचा खरोखर उपयोग होतो का, याचा पुरावा मात्र तपासून घ्यायला हवा, कारण याच टप्प्यावर जाहिराती विज्ञानाच्या पुढे धावतात.

उंदरांमधला पुरावा भरपूर आहे. संयुक्त अरब अमिरातीतले अब्देररहीम नेमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये डिझेलच्या कणांचा मारा झालेल्या उंदरांना हळदीतलं कुर्क्युमिन दिलं, तेव्हा फुप्फुसातली सूज, वाढलेला रक्तदाब आणि गुठळ्या होण्याची प्रवृत्ती आटोक्यात राहिली. पण उंदराला दिलेला डोस आणि आपल्या आमटीतली चिमूटभर हळद यांत फार अंतर आहे. हळदीत कुर्क्युमिन साधारण तीन टक्केच असतं आणि त्यातलंही फार कमी शोषलं जातं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की मिऱ्यातल्या पायपरीनबरोबर दिल्यास माणसाच्या रक्तात त्याचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. फोडणीतल्या हळदीबरोबर मिरी-मसाला असतो, त्याला यातून थोडा आधार मिळतो, इतकंच म्हणता येईल.

आहाराचा असा उपयोग तपासणारे, माणसांवर धुराच्या खोलीत झालेले प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांतला एक अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या चॅपल हिल इथल्या प्रयोगशाळेतला, २०१५ चा. ४२ स्वयंसेवकांपैकी काहींना चार आठवडे रोज तीन ग्रॅम ऑलिव्ह तेल, काहींना माशाचं तेल दिलं, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांनी दोन तास बाहेरच्या हवेतले कण दाट करून सोडलेल्या हवेत श्वास घेतला. काहीच न घेतलेल्यांच्या आणि माशाच्या तेलवाल्यांच्या धमन्यांचं रुंदावणं ठळकपणे घटलं; ऑलिव्ह तेलवाल्यांचं फारसं घटलं नाही. निकाल आशादायक आहे, पण श्रेय तेलातल्या पॉलिफेनॉलचं की त्यातल्या मुख्य स्निग्धाम्लाचं, हे त्यावरून ठरत नाही.

चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाजवळ चीडाँग भागात २९१ लोकांवर बारा आठवडे झालेला प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. निम्म्यांना मोड आलेल्या ब्रोकोलीचं पेय रोज दिलं. हवेतून शरीरात शिरलेलं बेंझिन लघवीवाटे बाहेर पडण्याचं प्रमाण त्यांच्यात ६१ टक्क्यांनी वाढलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन हे काटेकोर अर्थाने पॉलिफेनॉल नव्हे, पण ते त्याच एनआरएफ-२ ला जागं करतं. त्याच जातकुळीची द्रव्यं आपल्या मोहरीत, मुळ्यात आणि कोबीत आहेत. तेव्हा आहारातून पेशीचं संरक्षण वाढवता येतं आणि त्याचा परिणाम प्रदूषित हवेत जगणाऱ्या माणसात मोजता येतो, हे इथे प्रत्यक्ष दिसलं.

मोठ्या लोकसंख्येतला पुरावा २०१९ मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये आला. अमेरिकेतल्या साडेपाच लाखांच्या आसपास लोकांची माहिती तपासली तेव्हा भाज्या, फळं, कडधान्यं, दाणे, अख्खी धान्यं आणि मासे यांवर भर देणाऱ्या, भूमध्य समुद्राकाठच्या पद्धतीने जेवणाऱ्यांमध्ये हवेच्या प्रदूषणाशी जोडलेल्या हृदयमृत्यूंचा धोका कमी होता. संपूर्ण जेवणाचा हा परिणाम. एकट्या पॉलिफेनॉलला त्याचं श्रेय देता येत नाही.

डाळिंबाची गोष्ट तर सोलापूरच्या बागायतदारांनीही ऐकून ठेवावी अशी आहे. २००४ मध्ये इस्रायलमध्ये मानेची धमनी अरुंद झालेल्या दहा रुग्णांनी वर्षभर डाळिंबाचा रस घेतला आणि धमनीच्या भिंतीची जाडी ३० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं जाहीर झालं. जगभर त्याचा गाजावाजा झाला. २००९ मध्ये २८९ लोकांवर दीड वर्ष चाललेल्या नेटक्या चाचणीत एकंदर गटात तसा फरक दिसला नाही. कोकोच्या अर्काची चाचणी त्याहून कितीतरी मोठी, २१ हजारांवर अमेरिकन वृद्धांची. तिचा निकाल २०२२ मध्ये आला: झटका, पक्षाघात वगैरे सगळ्या घटना मिळून लक्षणीय घट नाही, मात्र हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी. म्हणजे काहीतरी आहे, पण चमत्कार नाही. वनस्पतींतली ही द्रव्यं धुराला अडवत नाहीत. अस्तराची सोसण्याची ताकद थोडी वाढवतात. माझं मत विचाराल तर रोजच्या जेवणात ती असावीत इतका पुरावा आहे, बाटलीतून विकत घ्यावीत इतका नाही.

कॅप्सूलबद्दल तर ठामपणे बोलायला हवं. फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांची चाचणी झाली. गाजरातलं हे द्रव्य फुप्फुसांना वाचवेल अशी खात्री होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसांचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांमुळे यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. त्यातलं ईजीसीजी हे कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅमपासून पुढे गेलं की धोका संभवतो असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलं. मिऱ्याचा अर्क घातलेल्या हळदीच्या गोळ्या यकृतात औषधं निकामी होण्याची क्रियाही मंदावतात, त्यामुळे चालू औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात घालू नयेत.

ताटातली गोष्ट वेगळी. आपल्या स्वयंपाकघरात हा तुरटपणा मुबलक होता आणि आपणच तो हौसेने काढत आलो. दाण्याचं कूट करताना दाणे भाजून, चोळून, सालं पाखडून टाकतो. शेंगदाण्यातले पॉलिफेनॉल त्या लालसर सालातच दाटलेले असतात. सालासकट कूट केलं तर रंग जरा काळपट येतो, चव बिघडत नाही. कांद्याचे बाहेरचे दोन थर निबर वाटले म्हणून सोलून फेकतो, तर क्वेर्सेटिन सर्वांत जास्त त्याच थरांत. नाचणीचं सगळं बळ तिच्या तांबूस कोंड्यात असतं. फडक्यातून गाळलेल्या सत्त्वात तो उतरत नाही, भाकरीत उतरतो. आमसुलाचा लाल रंग, बहाडोलीच्या जांभळाचा जांभळा रंग, अंबाडीची बोंडं, शेवग्याचा पाला, आवळा, पेरू, ही सगळी याच कुळातली मंडळी. भाजी उकळून पाणी ओतून दिलं की पाण्यात विरघळणारे पॉलिफेनॉलही मोरीत जातात. रस्सा करून तो भाकरीशी खाल्ला की ते पोटात राहतात.

चहाबद्दल लोक हमखास विचारतात. बर्लिनमध्ये २००७ मध्ये १६ महिलांवर केलेल्या प्रयोगात कोऱ्या चहाने धमन्यांचं रुंदावणं सुधारलं आणि दूध घातल्यावर तो फायदा नाहीसा झाला. दुधामुळे शोषण कमी होत नाही असं दाखवणारे प्रयोगही आहेत, तेव्हा दुधाच्या चहावर लगेच राग धरायचं कारण नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट लोहाची आहे. चहातले पॉलिफेनॉल जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या घरात पोळी-भाजीबरोबर कपभर चहा घ्यायची सवय आहे, तिथे बायका-मुलींनी तरी चहा आणि जेवण यांत तासाभराचं अंतर ठेवावं, आणि जेवताना लिंबू पिळावं.

सर्वांत जास्त धूर ज्यांच्या छातीत जातो त्यांच्या ताटाचा विचार यात सहसा होत नाही, याचं मला वाईट वाटतं. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, रिक्षावाले, रस्ता झाडणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर, चंद्रपूरसारख्या कोळशाच्या पट्ट्यातली कुटुंबं. ऑलिव्ह तेल आणि ब्ल्यूबेरी त्यांच्यासाठी नाहीत. पण कांदा, सालासकट दाणे, नाचणीची भाकरी, पेरू, हंगामातला आवळा, कोकम हे अजूनही बऱ्यापैकी आवाक्यात आहे. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या पोषण आहारात, पालिकेच्या सफाई कामगारांच्या न्याहारीत या गोष्टी आणायला कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.

आणि तरीही, अस्तर बळकट करणं हा दुय्यम उपाय आहे. बीजिंगमध्ये हृदयविकाराच्या ९८ रुग्णांना शहराच्या मध्यभागी दोन तास चालायला लावलं, एकदा चांगला मास्क घालून आणि एकदा मास्कशिवाय. मास्क असताना रक्तदाब कमी राहिला आणि हृदयावरचा ताणही कमी दिसला. धुराच्या खोलीतही तेच कळलं. २०११ मध्ये डिझेल इंजिनाच्या नळीला कण अडवणारी गाळणी बसवून धूर सोडला, तेव्हा धमन्यांवरचा दुष्परिणाम जवळपास दिसला नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ मानक लागू झालं आणि नव्या डिझेल गाड्यांना अशी गाळणी आली. जुने ट्रक, डंपर आणि जनरेटर मात्र अजून तसेच धुरळत आहेत.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. हवा मानकात न बसणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत. आपलं मानक २००९ चं: पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी वर्षाची सरासरी दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणली. आपल्या मानकात बसणाऱ्या हवेतसुद्धा त्या शिफारशीच्या आठपटीपर्यंत कण असू शकतात. शहरांच्या हवेचे आकडे आता रोज जाहीर होतात. ते पाहा, आणि पुढच्या प्रभाग सभेत आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारा: आपल्या वॉर्डात कचरा कोण जाळतं, बांधकामांवर हिरवं कापड आणि पाण्याचा फवारा का नाही, आणि शाळेसमोर रात्रंदिवस चालणारा तो जनरेटर कधी बंद होणार.